गाडी लागली नव्हती

कोपरखैरणेच्या माथाडी वसाहतीतील या घरची सून निपाणीजवळच्या गावाहून रात्रीच्या बसने परतली, ती पहाटे उंबऱ्यातच बसली. वाटेत तिला चार वेळा उलटी झाली होती, डोके गरगरत होते आणि पायांत त्राण उरले नव्हते. ‘गाडी लागली,’ असे सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी पित्ताची गोळी दिली. आदल्या दिवशी ती कोणते काम करत होती, हे कोणीच विचारले नाही.

आदल्या दिवशी ती दिराच्या शेतात तंबाखूचे शेंडे खुडत होती. थंडीतले दव पानांवर तसेच होते. तासाभरात तिच्या बाह्या आणि कमरेपर्यंतची साडी चिंब झाली, आणि त्याच कपड्यांत ती दुपारपर्यंत राबली. तिच्या बोटांच्या पेरांवर बसलेला काळसर चीक, साबणाने कितीदा तरी धुऊनही, आजही दिसतो आहे.

तंबाखूच्या हिरव्या पानातील निकोटीन दवात, पावसात आणि घामात विरघळते आणि ओल्या कातडीतून थेट रक्तात उतरते. तंबाखू तोंडात न घालताही तंबाखू लागते ती अशी. त्रास बहुधा काही तासांनी, माणूस शेतातून निघाल्यावर सुरू होतो, म्हणून दोष उन्हाला, उपाशी पोटाला किंवा बसला दिला जातो. निकोटीन मुळांत तयार होऊन पानांत साठते आणि शेंडा खुडल्यावर त्याचे प्रमाण आणखी वाढते. तंबाखू खाणाऱ्या पुरुषांना सवयीमुळे हा त्रास कमी जाणवतो. जिने आयुष्यात चिमूटभरही तोंडात धरली नाही, तिला तो अधिक सोसावा लागतो, हे आम्हांला फार अन्यायाचे वाटते.

हा आजार 1970 मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात नोंदवला गेला. पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी गुजरातच्या तंबाखू कामगारांमध्येही त्याचा अभ्यास केला. तो बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतो. मात्र फवारणीच्या औषधाने झालेल्या विषबाधेची लक्षणे याच्याशी मिळतीजुळती असल्याने डॉक्टरांना कामाची माहिती सांगणे अत्यंत आवश्यक असते.

पंधरा दिवसांनी तिला फुटवे काढायला पुन्हा जायचे आहे. सुती मोजे भिजून कातडीला चिकटतात, म्हणून सासूबाईंनी वाशीहून लांब रबरी हातमोजे आणले आहेत, पिशवीत कोरडी साडी आणि साबण ठेवला आहे, आणि दव सुकल्याशिवाय वहिनी शेतात उतरणार नाही, असे दिराला फोनवर बजावले आहे.