टीबीची स्लाईड रंगवताना आधी स्वतःला सांभाळा

बसा, पुढे या सगळे. बरीचशी डीएमएलटीची, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाची मुलंमुली दिसताय, म्हणून थेट स्टेनिंग रॅकपासूनच, म्हणजे स्लाईडी रंगवतो त्या जागेपासूनच सुरू करते.

टीबीच्या जंतूभोवती मायकोलिक ॲसिडचं मेणचट कवच असतं, साधा रंग आत शिरतच नाही. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने हा जंतू दाखवला, मग झील आणि नील्सन यांनी जी पद्धत बसवली तीच आपली झेड-एन. १ टक्का बेसिक फुक्सिन म्हणजे लाल रंग, ५ टक्के फिनॉल, खालून ज्योत, वाफ दिसू लागली की थांबायचं, उकळू द्यायचं नाही, मग २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिडने धुवायचं आणि शेवटी मिथिलीन ब्लू हा निळा रंग. आता बघा, एकाच रॅकवर ज्योत, फिनॉलची वाफ आणि ॲसिड, आणि हे सगळं बहुतेक ठिकाणी खिडकी बंद असलेल्या एवढ्याशा खोलीत, दिवसाला वीस-पंचवीस स्लाईडी, वर्षानुवर्षं.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट सांगते. फिनॉल बाटलीत गोठलेलं असतं, साधारण ४० डिग्रीला वितळतं, म्हणून आम्ही बाटली गरम पाण्यात ठेवायचो. ओतताना माझ्या मैत्रिणीच्या मनगटावर सांडलं. म्हणाली, दुखत नाहीये गं, नुसतं पांढरं पडलंय. आणि काम करत राहिली. फिनॉल कातडी बधिर करतं हो, म्हणून कळतच नाही, तोवर आत भाजत जातं. संध्याकाळी तिला चमचाही धरवेना. आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं की दुखत नसलं तरी त्याच क्षणी भरपूर पाण्याखाली हात धरायचा, धारेखाली, बराच वेळ, आणि लॅबमध्ये पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) असेल तर त्याने पुसून काढायचं. तो डाग अजून तिच्या हातावर आहे आणि मला अजून त्याचा राग येतो.

मग लोक म्हणतात, मॅडम, कोल्ड स्टेन करू, ज्योतच नको. किन्यूनची पद्धत तशीच आहे, पण तिची रेसिपी नीट वाचा, उष्णता काढली तर रंग आत जाण्यासाठी फुक्सिन ४ टक्क्यांच्या आसपास आणि फिनॉल ८ टक्क्यांच्या आसपास वाढवावं लागतं, म्हणजे आग गेली आणि फिनॉल वाढलं! माझ्या मते याला सुरक्षित म्हणणं बरोबर नाही.

मला खरा फरक वाटला तो ऑरामाइनचा, म्हणजे खास दिव्याच्या मायक्रोस्कोपखाली चमकणाऱ्या रंगाचा. ०.१ टक्का रंग, गरम करायचं नाही, २० मिनिटं ठेवायचं, सल्फ्युरिकऐवजी सौम्य ॲसिड-अल्कोहोल, मग पोटॅशियम परमँगनेट. या मायक्रोस्कोपच्या जुन्या मर्क्युरी दिव्याला अंधारी खोली लागायची, काही शे तासांत तो संपायचा, वर पाऱ्याची भीती. एलईडी आल्यावर हे सगळं गेलं, आणि २०११ मध्ये डब्ल्यूएचओनेही सांगितलं की झेड-एन मायक्रोस्कोपीऐवजी हळूहळू एलईडीवर या. काळ्यावर पिवळे-हिरवे जंतू २० किंवा ४० च्या लेन्सखालीच दिसतात, त्यामुळे स्लाईड लवकर होते, डोळे कमी थकतात, आणि अभ्यासांमध्ये सरासरी १० टक्के जास्त पेशंट सापडले आहेत. पेशंट सुटला तर त्याच्या घरातली पोरंबाळं धोक्यात येतात, म्हणून मला हा आकडा फार मोठा वाटतो.

पण ऑरामाइनलाही हातमोजे हवेतच. त्याच्यावर कॅन्सरचा संशय आहे, त्या सोल्यूशनमध्येही थोडं फिनॉल असतंच. स्लाईड उजेडात फिकी पडते, म्हणून अंधारात ठेवा आणि त्याच दिवशी बघा.

आता बेडका. स्मीअरला, म्हणजे स्लाईडवर बेडका पसरायला, वायर लूप गरम करू नका, बेडका तडतडून उडतो आणि ते थेंब तुम्हीच श्वासात घेता. झाडूची काडी मोडून घ्यायची, एका नमुन्याला एक, वापरून झाली की थेट जंतुनाशकात. स्लाईड ज्योतीवर फिरवून फिक्स केली, म्हणजे थर काचेला पक्का केला, की जंतू मेले असं समजू नका, काही जिवंत राहतात, तेव्हा फिक्स्ड स्लाईडही हातमोज्यानेच. हायपोक्लोराइट (ब्लीचसारखं जंतुनाशक) आणि ॲसिडचा सांडलेला कचरा एका सिंकमध्ये कधीच नाही, क्लोरीन निघतो. ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी नाही, आणि एक्झॉस्ट पंखा बंद असेल तर स्टेनिंग सुरूच करू नका, कितीही पेशंट बाहेर थांबले असले तरी. वरिष्ठ ओरडले तर माझं नाव सांगा.