जुनी पिकअप थरथरते आणि रेस वर-खाली होते तेव्हा

नमस्कार मंडळी. आज आपण बोलणार आहोत जुन्या डिझेल पिकअपबद्दल, म्हणजे मेकॅनिकल पंपाची (इंजिनाला डिझेल पोचवणारा पंप कॉम्प्युटरशिवाय चालणारी), पंधरा-वीस वर्षं झालेली गाडी, जी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात अजून गूळ वाहते, पेंड वाहते, दुधाचे कॅन वाहते आणि वेळ पडली तर लग्नाचं वऱ्हाडसुद्धा. ही गाडी ताराराणी चौकात सिग्नलला न्यूट्रलवर उभी असते आणि सगळं केबिन थरथरत असतंय, आरशात मागची गाडी दिसत नाही एवढा आरसा हलतोय. किंवा दुसरा प्रकार, पाय अॅक्सिलेटरवर नाहीच आणि इंजिन आपलं आपण रेस घेतंय, उतरतंय, परत घेतंय, घुंऽऽ... घुंऽऽ... असं चालू.

ही दोन दुखणी वेगळी आहेत बरं का. थरथर असेल आणि आवाजात मधे एक ठोका चुकत असेल तर बहुतेक एखादा सिलिंडर नीट काम करत नाही, याला मिस्त्री लोक मिसिंग म्हणतात. आणि रेस वर-खाली होत असेल तर बहुतेक डिझेल एकसारखं पोचत नाही. परत सांगतो, ठोका चुकला तर सिलिंडरकडं बघा, रेस वर-खाली झाली तर डिझेलच्या वाटेकडं बघा.

आता हे ऐकायचं असेल तर केबिनमधला साउंड बंद पाहिजे. माझं स्पष्ट मत आहे, पिकअपमध्ये सीटमागं ते भलेमोठे स्पीकर बसवायची जी पद्धत पडलीय ती इंजिनाच्या मुळावर उठलीय, कारण इंजिन महिना-महिना सांगत असतंय की मला त्रास होतोय आणि ऐकायला कोण नाही. मिरवणुकीतल्या डॉल्बीबद्दलही माझं हेच मत आहे पण तो विषय आज नको.

तर डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतोय हे तुम्हाला माहीत आहे. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली जे इंजिन चालवून दाखवलं तेव्हापासून तत्त्व तेच आहे, हवा इतकी दाबायची की ती ५०० अंशाच्या वर तापते आणि मग त्यात डिझेलचा फवारा मारायचा. फवारा किती मारायचा हे पंप ठरवतो, आणि पंपातला गव्हर्नर स्लोला, म्हणजे अॅक्सिलेटरवर पाय नसताना, इंजिनाची रेस सांभाळतो. रेस पडली की डिझेल वाढवतो, चढली की कमी करतो. डिझेलबरोबर हवेचे बुडबुडे आले की फवारा अर्धवट बसतो, रेस पडते, गव्हर्नर डिझेल वाढवतो, तेवढ्यात चांगलं डिझेल येतं, रेस उसळते, गव्हर्नर परत कापतो. झालं, वर-खाली सुरू. म्हणजे दोष गव्हर्नरचा दिसतो पण तो बिचारा आपलं काम करत असतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी हवा, मग फिल्टर, मग नोझल, म्हणजे डिझेलचा फवारा मारणारी तोटी, आणि पंप सगळ्यात शेवटी. आधी हवा, मग फिल्टर, मग नोझल, पंप शेवटी.

याच्यावर एक गोष्ट सांगतो, मला ही गोष्ट सांगायला फार आवडते.

गगनबावड्याच्या रस्त्याला, कळ्याच्या पुढं, आमच्या ओळखीचे एक मामा आहेत. त्यांचं स्वतःचं गुऱ्हाळ नाही पण तीन-चार गुऱ्हाळांचा गूळ ते आपल्या पिकअपनं मार्केट यार्डात आणतात. गुळाचे सौदे सकाळी असतात, माल वेळेत पोचला तर दर नाहीतर बसा, त्यामुळं गाडी पहाटे निघायलाच पाहिजे. एका हंगामात या गाडीनं मामांना रडकुंडीला आणलं. चालता-चालता झटके मारायची, स्लोला सोडली की रेस वर-खाली, बालिंग्याच्या पुलाजवळ तर एकदा बंदच पडली आणि मागं ऊसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली.

मामा गाडी घेऊन कोल्हापुरात एका पंपवाल्याकडं, म्हणजे इंजिनाचा डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडं, आले. गंमत बघा, तिथं पोचली की गाडी ठणठणीत. मिस्त्रीनं चालवून बघितली, काही नाही. मामा परत गेले, दोन-चार दिवसांत परत तेच. परत आले, परत ठणठणीत. शेवटी वैतागून मामाच म्हणाले, काय असेल ते असू दे, पंप उतरवा. पंप उतरला, बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या मशीनवर, लावून कॅलिब्रेट झाला, नवीन सिलं पडली, नोझल पण बदलले, चांगलं हजारांत बिल झालं. मामांनी वाटेत टाकी फुल केली, गाडी मखमलीगत घरापर्यंत गेली, मामींनी ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं. आणि चौथ्या का पाचव्या दिवशी परत घुंऽऽ... घुंऽऽ...

मग संशय गेला डिझेलवर. गावाजवळच्या पेट्रोल पंपावर भेसळ आहे म्हणून मामांनी तिथं डिझेल टाकायचं बंद केलं आणि फुलेवाडीत येऊन टाकायला लागले. तरी फरक नाही. भावकीतल्या एकानं सांगितलं गाडीवर कुणाची तरी नजर आहे, लिंबू-मिरची बांधून झालं, ती पण झटक्यांनी हलत बसली.

मी त्यांच्याकडं गेलो ते खरं म्हणजे दुसऱ्याच कामाला. गाडी अंगणात उभी, मामा बोनेट उघडून बसलेले, मी पण वाकून बघायला लागलो. मामी चहा घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, "अवो, ज्या दिवशी डिझेल टाकतायसा त्या दिवशी ही गाडी कधी तक्रार करत न्हाई." मामा म्हणाले, "तू गप, तुला काय कळतंय गाडीतलं." पण मामी काय गप बसणाऱ्या नव्हत्या. आत जाऊन वही घेऊन आल्या. गुऱ्हाळवाल्यांचा हिशेब, हमाली, डिझेल, सगळं त्यांच्या अक्षरात तारखेनं लिहिलेलं, आणि ज्या दिवशी गाडी वाटेत अडली आणि माल उशिरा पोचला त्या तारखेपुढं एक फुली. आम्ही तिघं चुलीजवळच्या उजेडात वही घेऊन बसलो. एकही फुली डिझेल टाकल्याच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सगळ्या फुल्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीच्या, म्हणजे टाकी अर्ध्याच्या खाली गेल्यावरच्या!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला बघा. मिस्त्रीकडं जाताना मामा दर वेळी वाटेत टाकी भरूनच पुढं जायचे, म्हणून मिस्त्रीला दोष कधी दिसलाच नाही. पंपाच्या बेंचवर तरी कसा दिसणार, तिथं पंपाला डिझेल बेंचच्याच टाकीतून मिळतंय.

दुसऱ्या दिवशी मामांच्या थोरल्या मुलाला घेऊन आम्ही एक प्रयोग केला. फिल्टर आणि पंप यांच्यामधला रबरी पाईप काढून तिथं पारदर्शक प्लास्टिकचा पाईप लावला, टाकी भरलेली होती, एअर काढली, गाडी स्लोला सोडली. पाईपमधून डिझेल स्वच्छ चाललेलं, एक बुडबुडा नाही. मग इंजिन चालू ठेवूनच टाकीतलं डिझेल नळीनं कॅनमध्ये उतरवायला लागलो. काटा पाऊण टाकीवर आला, काही नाही. अर्ध्याच्या जरा खाली गेला आणि त्या पाईपमध्ये पहिल्यांदा मोहरीएवढे बारीक बुडबुडे दिसले, मग एकामागं एक रांगच लागली, आणि इंजिननं घुंऽऽ... घुंऽऽ... सुरू केलं. मामा म्हणाले आता डिझेल परत ओता. ओतलं. थोड्या वेळात बुडबुडे थांबले, इंजिन शांत. मामी ओट्यावर उभ्या राहून सगळं बघत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत.

गाडी बंद करून टाकीचे पट्टे सोडले, टाकी खाली घेतली, वरचे स्क्रू काढून आतला सक्शन पाईप बाहेर ओढला. हा पाईप टाकीच्या माथ्यापासून तळापर्यंत जातो, इंजिन त्यातूनच डिझेल ओढतं. मधोमध, जिथं त्याला एक पट्टी धरून ठेवते, तिथं गंजाचं कडं होतं. पाईपचं एक तोंड बोटानं बंद केलं, पाण्याच्या बादलीत बुडवला आणि दुसऱ्या तोंडाला सायकलच्या पंपानं हवा मारली. गंजाच्या कड्यातून बुडबुड्यांची माळ वर आली. डोळ्याला दिसणार नाही एवढी चीर. ऊसाच्या रसाच्या ग्लासातल्या स्ट्रॉला मधेच भोक पडलं तर काय होतंय? रस भोकाच्या वर आहे तोवर ओढला जातो, खाली गेला की नुसती हवा. अगदी तेच.

गंज कुठनं आला हे पण कळलं. २०१९ च्या महापुरात ही गाडी पाण्यात उभी होती. नंतर डिझेल काढून टाकलं, फिल्टर बदलला, गाडी चालू झाली म्हणून टाकी कुणी उतरवून धुतली नाही. आपल्याकडं २०१९ ला आणि २०२१ ला ज्यांच्या गाड्या पाण्यात होत्या त्यांनी टाकी एकदा आतून बघाच.

पाईप उद्यमनगरात नेला, तिथं एकानं पितळेनं झाळून दिला, किरकोळ पैशात. फक्त एक लक्षात ठेवा, पाईप बाहेर काढून झाळायचा. टाकीला कधीही वेल्डिंग लावायचं नाही, रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत डिझेलची वाफ असते आणि ती फुटते, त्यात माणसं गेलेली आहेत.

उद्यमनगरचं नाव निघालं म्हणून सांगतो, शेतावरच्या ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीवर वाढलेला हा भाग, तिथल्या हातांना कान होते. आता पोरं थेट महागडा पार्ट बदलायला सांगतात. आयटीआय करणाऱ्या पोरांनी एक वर्ष तरी अशा जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली काढावं असं मला मनापासून वाटतं. आणि गॅरेजमध्ये गाडीची तक्रार सांगताना घरात जी हिशेब ठेवते तिला पण बरोबर न्या.

वेळ कमी राहिलाय, बाकीचं भराभर सांगतो. हवा शोधायची तर पारदर्शक पाईप लावा, हे सांगितलंच. टाकी ते फीड पंप, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप, ही बाजू ओढणारी असते, त्यामुळं तिथं भेग असली तरी चालू गाडीत डिझेल टपकत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून गळत नाही म्हणजे बरोबर आहे असं समजू नका. रबरी पाईप, क्लिपा, पाईपच्या जोडावरच्या बंजो बोल्टचे तांब्याचे वायसर, हातानं डिझेल चढवायच्या हँड प्रायमरचं सील, सगळं बघा. सकाळी गाडी उशिरा चालू होते आणि प्रायमर मारला की लगेच होते, हे पण हवेचंच लक्षण. टाकीच्या झाकणाचा श्वास, म्हणजे हवा आत जायचं बारीक भोक, बंद असेल तर गाडी अर्धा तास चालून मग गुदमरते, झाकण उघडल्यावर फुस्स असा आवाज आला तर समजा. खात्री करायची असेल तर वेगळ्या कॅनमधून थेट फीड पंपाला डिझेल द्या, गाडी शांत झाली तर दोष मागं टाकीकडं.

मग फिल्टर. पावसाळ्यात डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमधलं पाणी सोडत चला.

मिसिंग असेल तर स्लोला एकेका नोझलच्या पाईपचा नट जरा सैल करायचा. ज्याचा सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर आजारी. त्याचा नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून बघा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल, तिथंच राहिला तर व्हॉल्व्हचे टॅपेट आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा नीट दाबली जाते का, ते बघा. पण हे फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीवर, आणि हात लांब ठेवून, नटावर फडकं टाकून, डोळ्याला चष्मा लावून. यातसुद्धा दाब २०० बारच्या आसपास असतो, म्हणजे २९०० पीएसआय. तो फवारा कातडीत शिरतो, वरून नुसता टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि आत हाताचं मांस सडतं. असं झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही, त्याच तासाला दवाखान्यात सर्जनकडं जायचं आणि डिझेल हाय प्रेशरनं आत गेलंय असं स्पष्ट सांगायचं. कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरनं डिझेल सोडणाऱ्या नव्या गाडीत हाच दाब हजार बारच्या वर जातो, तिथं चालू इंजिनावर कुठलाही नट सैल करायचा नाही, कधीही नाही.

धूर पण बघा. काळा धूर असेल तर एअर फिल्टर चोंदलाय किंवा डिझेल जास्त पडतंय, निळा असेल तर ऑइल जळतंय, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर आणि मिसिंग असेल तर एकतर डिझेल न जळता बाहेर पडतंय नाहीतर पाणी आत येतंय, तेव्हा रेडिएटरची पातळी बघा, फक्त इंजिन थंड झाल्यावर. इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे खालचं रबर, बसलेलं असेल तर इंजिन बरोबर असूनही केबिन थरथरतं, ते हातबत्तीनं वाकून बघितलं तरी दिसतंय.

एवढं सगळं तपासून झालं आणि तरी रेस वर-खालीच आहे, तर मग पंप उतरवा. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाचं डिझेल आलंय, त्यात सल्फर १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग), त्याआधीच्या बीएस-४ मध्ये ५० होतं. अमेरिकेत १९९३ साली असंच कमी सल्फरचं डिझेल आलं तेव्हा जुन्या पंपांची रबरी सिलं आक्रसून गळायला लागल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. तेव्हा पंप उघडतोच आहे तर पंपवाल्याला सिलं नवीन डिझेलला चालणारीच टाकायला सांगा, जुना स्टॉक नको म्हणून सांगा, आणि काढलेली सिलं पिशवीत घालून परत मागून घ्या.