‘आम्ही कुठे डेटा विकतो?’

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘कॅलिफोर्नियाचा ग्राहक गोपनीयता कायदा आणि आपल्या धंद्याच्या जबाबदाऱ्या’. एवढं भारदस्त नाव वाचूनही रविवारी दुपारी तुम्ही आलात, यात मंडळाच्या मसालेभाताचा वाटा किती, ते मी विचारत नाही.

सीसीपीए, म्हणजे हाच कायदा, हे नाव इथे सगळ्यांनी ऐकलंय. पण तो आला कसा, ते मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे ॲलिस्टर मॅकटॅगर्ट हे इमारती बांधणारे गृहस्थ. वकील नव्हेत, आपल्यासारखे आयटीवालेही नव्हेत. एका पार्टीत त्यांनी गूगलमधल्या एका इंजिनिअरला सहज विचारलं, तुमच्याकडे आमची माहिती असते म्हणतात, त्यात काळजीचं काही आहे का? तो म्हणाला, आम्हाला किती माहीत आहे हे लोकांना कळलं तर ते हादरतील. आपण असतो तर ‘हो का?’ म्हणून पुढचा सामोसा उचलला असता. या माणसानं पदरमोड करून सहा लाखांवर सह्या गोळा केल्या आणि प्रश्न थेट मतपत्रिकेवर न्यायची तयारी केली.

आता खरी गंमत. मतदारांनी थेट केलेला कायदा विधिमंडळाला नंतर सहजी बदलता येत नाही. त्यामुळे कंपन्यांचं धाबं दणाणलं. तडजोड अशी ठरली की विधिमंडळानं कायदा करायचा आणि मॅकटॅगर्टनी प्रस्ताव मागे घ्यायचा. मागे घ्यायची मुदत होती २८ जून २०१८. आठवड्याभरात कायदा लिहिला गेला आणि मुदतीच्याच दिवशी गव्हर्नर जेरी ब्राउन यांची सहीही झाली. आपल्या सोसायटीच्या पार्किंगचा ठराव याहून जास्त वेळ घेतो! १ जानेवारी २०२० पासून अंमल. पुढे त्याला पातळ करायचे प्रयत्न सुरू झाले, तेव्हा हेच गृहस्थ प्रपोझिशन २४ हा मतदारांपुढचा प्रस्ताव घेऊन परत आले. २०२० मध्ये मतदारांनी ते मंजूर केलं, आणि त्यातूनच हा कायदा राबवणारी स्वतंत्र प्रायव्हसी एजन्सी उभी राहिली.

आता माझं गाऱ्हाणं. दुकानाचं नाव सांगत नाही. त्यांच्या साइटवर ‘माझी माहिती विकू नका’ची लिंक शोधली. पानाच्या तळाशी, करड्यावर करड्या अक्षरांत होती. दाबली, तर फॉर्म आला: नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख आणि ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो. म्हणजे माझी माहिती विकू नका एवढं सांगायला जी यांच्याकडे नव्हती तीही देऊन टाकायची! कायदा असं मागू देत नाही. माहिती दाखवा किंवा पुसा म्हटलं, तर माणूस तोच आहे का हे तपासावं लागतं. विकू नका म्हटल्यावर ओळखपत्र कशाला? अशीच गरजेपेक्षा जास्त माहिती मागितली म्हणून एजन्सीनं २०२५ मध्ये होंडाला ६,३२,५०० डॉलरचा दंड केला. त्यांच्या साइटवर कुकीजना ‘हो’ म्हणायला एक क्लिक लागायची आणि ‘नाही’ म्हणायला दोन, हेही त्यात होतं.

चिठ्ठी आली. सात मिनिटं? बरं. जबाबदाऱ्या राहिल्यातच.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे डेटा विकतो? सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या सेफोरालाही तसंच वाटत होतं. त्यांनी साइटवर जाहिरात कंपन्यांचे ट्रॅकर, म्हणजे पाहुणा काय बघतो ते टिपणारे कोड, बसू दिले होते आणि बदल्यात विश्लेषण, जाहिराती मिळत होत्या. पैसे हातात आले नाहीत तरी मोबदला मिळाला, म्हणजे ती विक्रीच, असं राज्याच्या ॲटर्नी जनरलनी धरलं. शिवाय ‘माझी माहिती विकू नका’ असं ब्राउझरमधून आपोआप सांगणारा ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोलचा सिग्नल त्यांनी पाळला नव्हता. २०२२ मध्ये बारा लाख डॉलर भरून प्रकरण मिटलं. तेव्हा साइटवर कोणाचे ट्रॅकर बसलेत, ते आधी वेबसाइटवाल्याला विचारा. दुसऱ्याची प्रायव्हसी पॉलिसी उचलून चिकटवणं त्यानंतरही करू नका.

कायदा लागू कोणाला? नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्याला, आणि तीनपैकी एक अट बसली तरी पुरे: वार्षिक उलाढाल २ कोटी ६६ लाख २५ हजार डॉलरच्या वर (२०२५ चा आकडा), वर्षाला एक लाख कॅलिफोर्नियाकर ग्राहकांची किंवा घरांची माहिती विकत घेणं, विकणं वा जाहिरातीसाठी देणं, किंवा निम्मं उत्पन्न अशा देण्याघेण्यातून. लाख ऐकून निर्धास्त होऊ नका. साइटवर ट्रॅकर असतील तर रोज पावणेतीनशे नवे पाहुणे आले की वर्षात भरतात.

लागू झाला, तर माहिती गोळा करतानाच काय घेतो, कशासाठी, किती काळ ठेवणार ते सांगायचं. दाखवा, दुरुस्त करा, पुसा असा अर्ज आला की दहा कामाच्या दिवसांत पोच आणि ४५ दिवसांत उत्तर. कारण कळवून आणखी ४५ मिळतात. विक्री थांबवायला पंधरा कामाचे दिवस, त्याहून जास्त नाहीत. पगारपत्रक किंवा ईमेल सांभाळणाऱ्या कंपनीशी लेखी करार हवा. आणि चूक सुधारायला पूर्वी हक्कानं मिळणारे ३० दिवस आता गेले.

हो, २०२३ पासून यात नोकरही आले. सोडून गेलेल्या कॅशिअरनं तुमच्याकडची स्वतःची माहिती मागितली, तर ‘अकाउंटंट गावाला गेलाय’ हे उत्तर चालणार नाही. विचारा आता, मागचे काका कधीचा हात वर करून बसलेत.