मांजर, मासे आणि टाकीचं झाकण

नमस्कार श्रोतेहो. घरात मांजर आणि फिशटँक दोन्ही असले, की सगळ्यांची नजर मांजरीच्या पंजावर असते. तुम्ही मात्र झाकणाकडे बघा. पुन्हा सांगतो, पंजाकडे नको, झाकणाकडे.

एका घरातली हकीकत ऐका. दोन फुटी टाकी, वर पातळ प्लास्टिकचं झाकण, झाकणातच दिवा. दर दोन-चार दिवसांनी एक मासा कमी. सापडायचा तो स्टँडच्या मागे, फरशीवर, वाळून कडक झालेला. आणि शेजारी मांजर बसलेली! मग काय, तिला रोज रात्री दुसऱ्या खोलीत कोंडायला लागले. ती रात्रभर दार ओरबाडायची, घरात कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. आणि चौथ्या दिवशी सकाळी स्वोर्डटेलचा नर पुन्हा फरशीवर. दार बंद, मांजर आत. तेव्हा कुठे कुणीतरी झाकण नीट निरखून पाहिलं. मधोमध बशीसारखा खळगा, खळग्यात मांजरीचे केस. दिव्याच्या उबेला ती रोज दुपारी तिथेच ताणून द्यायची. तिच्या चार किलो वजनाने झाकण मध्ये दबलं होतं आणि मागची कड दोन बोटं वर आली होती. स्वोर्डटेल हा उड्या मारणारा मासा, त्यात पाणी काठोकाठ भरलेलं. त्या फटीतून तो सरळ बाहेर. मांजरीने एकही मासा धरला नव्हता. ती फक्त झोपत होती.

मग त्यांनी 5 मिलिमीटर जाडीची काच कडा घासून आतल्या पट्ट्यांवर बसवली. फिल्टरच्या नळीपुरता कोपरा कापला, उरलेल्या फटीत स्पंज कोंबला. दिवा काचेपासून वेगळा, वर टांगला, म्हणजे बसायच्या जागी ऊब राहिली नाही. पाणी काठापासून 5 सेंटिमीटर खाली. आणि मांजरीला खिडकीपाशी, टाकीपेक्षा उंच फळीवर जुन्या चादरीची घडी. लक्षात ठेवा: जाड काच, पाणी 5 सेंटिमीटर खाली, मांजरीला दुसरी उबदार जागा. काही जण टाकीजवळ आली की मांजरीवर पाण्याचा फवारा मारतात. तसं करू नका. ती टाकीला नाही, तुम्हाला घाबरायला लागते.

गोल बरणीत मासा ठेवणं तर मला मुळीच पटत नाही. फिल्टर नाही, पोहायला जागा नाही. शिवाय 5 लिटर पाणी म्हणजे 5 किलो, मांजर ती बरणी सहज ढकलते. दोन फुटी टाकी वाळू-काचेसकट साठ किलोच्या वर जाते, ती तिला हलत नाही. मात्र स्टँड डुगडुगता नको.

विजेची प्रत्येक वायर बोर्डापेक्षा खाली झोल देऊन मगच वर न्या. पंजाने उडालेलं पाणी वायरवरून ओघळलं तरी झोलाशी ठिबकेल, प्लगात शिरणार नाही. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, हवाच.

टाकीत औषध घातलं असेल, तर ते पाणी मांजरीच्या तोंडी लागू देऊ नका. तिचं पिण्याचं भांडं दुसऱ्या खोलीत, रोज ताजं भरलेलं असू द्या. आणि टाकीच्या पाण्यात मुळं सोडून मनी प्लांट लावलाय का? त्याचं पान चावलं की मांजरीच्या तोंडाची आग होते, लाळ गळायला लागते. तो वेल आजच तिथून काढा.