राज्यसंस्था कोणाचं ऐकते?

मित्रहो, राज्यसंस्थेवर बोलायचं म्हटलं की सभागृहात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, सरकारनं उद्योगधंद्यातून अंग काढून घ्यावं. दुसरा म्हणतो, सरकारनं सूत्रं हाती घेतल्याशिवाय गरिबाला वाली नाही. सरकार किती असावं एवढाच वाद आहे, हे मात्र दोघंही धरून चालतात. बाजार आधीपासून आपला आपण चालत होता आणि सरकार मागाहून येऊन त्यात लुडबुड करू लागलं, ही या वादामागची कथाच मला पटत नाही.

साधी कंपनी घ्या. तुम्ही शेअर घेता. कंपनी बुडाली तर शेअरचे पैसे जातात, पण तुमच्या घरावर जप्ती येत नाही. हे इतकं अंगवळणी पडलंय की निसर्गनियमच वाटतो. प्रत्यक्षात ही कायद्यानं दिलेली सवलत आहे. ब्रिटनमध्ये नोंदणीकृत कंपन्यांना ती सरसकट उपलब्ध झाली ती १८५५ च्या कायद्यानं. एरवी भागीदारीतला धंदा बसला की भागीदाराची जबाबदारी शेवटच्या दमडीपर्यंत. कर्ज थकलं म्हणून माणसं तुरुंगात खितपत पडत.

ही सवलत नसली की काय होतं, ते स्कॉटलंडमधल्या सिटी ऑफ ग्लासगो बँकेनं दाखवलं. बँकांना हा कायदा सुरुवातीला लागू नव्हता. नंतर वाट मोकळी झाली तरी कित्येक बँकांनी ती धरली नाही. भागधारकांची जबाबदारी अमर्याद आहे म्हणजे ठेवीदार निर्धास्त, असा हिशेब. ऑक्टोबर १८७८ मध्ये ही बँक कोसळली. संचालकांनी ताळेबंदात खोटे आकडे भरले होते, त्यांना पुढे शिक्षाही झाली. ठेवीदारांचे पैसे फिटले, पण ते भागधारकांच्या खिशातून. १०० पौंडांच्या भागामागे एकूण २,७५० पौंड भरा, अशी मागणी आली. बहुसंख्य भागधारक धुऊन निघाले. दुसऱ्याची मालमत्ता सांभाळणारे विश्वस्त म्हणून ज्यांचं नाव नोंदवहीत लागलं होतं, तेसुद्धा सुटले नाहीत. पुढच्याच वर्षी कायदा बदलला आणि बँका भराभर मर्यादित जबाबदारीकडे वळल्या.

ही सवलत वाईट, असं मी म्हणत नाही. तिच्यावाचून एकमेकांना न ओळखणाऱ्या हजारो माणसांचं भांडवल एका धंद्यात आलंच नसतं. माझं म्हणणं एवढंच, की बुडालेला पैसा हवेत विरत नाही. भागधारकानं न सोसलेला तोटा माल उधार देणाऱ्याच्या, पगार थकलेल्या कामगाराच्या, कर्ज देणाऱ्याच्या अंगावर जातो. तो कुठं जावा हे राज्यसंस्थेनं ठरवलेलं असतं. तरी त्याला कोणी हस्तक्षेप म्हणत नाही. किमान वेतनाचा कायदा आला की मात्र तो हस्तक्षेप ठरतो! २००८ च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी गुंतवणूक बँक बुडाली आणि तीन आठवड्यांच्या आत तिथं वित्तसंस्थांना सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलरच्या तरतुदीचा कायदा झाला. एरवी सरकारनं दूर राहावं म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण त्या दिवसांत सरकारच्याच दारात उभे होते.

आता समाजाच्या बाजूनं पाहू. इथं मला एक जुनं उदाहरण फार बोलकं वाटतं. ब्रिटनमध्ये १८३३ साली कारखाना कायदा झाला. बहुतेक कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी, त्याहून थोड्या मोठ्यांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा. कायदा चांगला. पण देशभरात हजारो गिरण्या आणि निरीक्षक चार! त्यातही खरी पंचाईत वेगळीच होती. समोर उभं असलेलं मूल नऊ वर्षांचं आहे की सातचं, हे ठरवायचं कसं? जन्माची सरकारी नोंदच नव्हती. मग डॉक्टरनं मुलाची उंची, अंगकाठी पाहून दाखला द्यायचा. मालकाला हात हवे असत, आईबापांना मजुरी हवी असे, आणि दाखला मिळून जाई. दात पाहून वय ओळखावं, अशी सूचना संसदेपर्यंत गेली होती.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ ला. म्हणजे पहिल्या दिवशी नोंदलेलं मूल नऊ वर्षांचं व्हायला १८४६ उजाडलं. आपण कायद्यांवर तावातावानं भांडतो. कायदा अंमलात आणणारा कारकून, त्याची वही, निरीक्षकाचा प्रवासखर्च यांच्याकडे आपलं लक्षच जात नाही. दुबळं सरकार म्हणजे मोकळा नागरिक, असं मानणाऱ्यांनी त्या गिरणीतल्या सात वर्षांच्या मुलाकडे एकदा पाहावं.

राजकारण यात कुठं येतं? सगळीकडे. जर्मनीत चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, बिस्मार्कनं १८८३ मध्ये आजारपणाचा, १८८४ मध्ये अपघाताचा विमा आणला आणि १८८९ मध्ये वृद्धापकाळाच्या पेन्शनचा कायदा केला. त्याला कामगारांचा कळवळा आला होता म्हणून नव्हे. समाजवाद्यांच्या सभा-संघटनांवर त्यानं १८७८ मध्येच बंदी घातली होती, तरी त्यांची मतं वाढत होती. एका हातात छडी होतीच, दुसऱ्या हातानं विमा दिला. पेन्शनचं वय सत्तर ठेवलं होतं, आणि गिरणी-खाणीतला किती मजूर सत्तरी गाठत असेल? तरीही कामगाराच्या म्हातारपणाची जबाबदारी राज्यसंस्थेनं एकदा मान्य केली, आणि ती मागं घेणं पुढच्या कोणत्याच सरकारला सोपं राहिलं नाही.

आतापर्यंतची उदाहरणं ऐकून कोणी म्हणेल, हा माणूस सरकारची वकिली करतोय. मग चीनकडे पाहा. १९५८ मध्ये तिथं 'मोठी झेप' सुरू झाली. शेती सामुदायिक झाली, उद्दिष्टं वरून येऊ लागली. खालचे अधिकारी वरच्यांना खूश करण्यासाठी पिकाचे फुगवलेले आकडे पाठवू लागले आणि त्या कागदी पिकाच्या हिशेबानं खरं धान्य उचललं गेलं. गावात दाणा उरला नाही, आणि १९५९ मध्ये देश धान्य निर्यात करत होता. संरक्षणमंत्री पेंग दहुआय यांनी त्याच वर्षी सर्वोच्च नेते माओंना पत्र लिहून धोरणाच्या चुका दाखवल्या, तर त्यांनाच पदावरून काढलं. त्यानंतर तोंड कोण उघडणार? त्या दुष्काळात किती माणसं गेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात.

या सरकारला बळाची कमतरता नव्हती. गावोगावी त्याची माणसं होती. खालून खरी बातमी वर जाण्याची वाट तेवढी बंद होती. चालत्या लोकशाहीत, जिथं निवडणुका होतात आणि वर्तमानपत्रं मोकळी असतात, तिथं दुष्काळात मोठ्या संख्येनं माणसं मरत नाहीत, असं अमर्त्य सेन म्हणतात ते याचसाठी. उपाशी माणसाची बातमी छापून आली की मंत्र्याची खुर्ची हलते. म्हणून राज्यसंस्था मोठी की छोटी, यापेक्षा तिच्यापर्यंत कोणाची तक्रार पोचते आणि न ऐकल्याची किंमत तिला मोजावी लागते का, हे मी आधी विचारीन.

लोकशाहीतही सगळ्यांचा आवाज सारख्या वेगानं पोचतो असं नाही. मोठ्या उद्योगाला वकील, सल्लागार, मंत्रालयात ओळखी परवडतात. आणि त्याच्याकडे आणखी एक साधन असतं. तो निघून जाऊ शकतो. कंपनी नोंदलेली एका देशात, विक्री दुसऱ्या देशात आणि नफा दिसतो तो कर नगण्य असलेल्या तिसऱ्याच देशात. यावर तोडगा म्हणून ऑक्टोबर २०२१ मध्ये १३६ देशांनी मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के कर लावायचं मान्य केलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या नव्या सरकारनं हा करार आपल्याला बंधनकारक नाही, असं जाहीर केलं. ज्याचा कर पगारातून परस्पर कापला जातो, त्याला असं काही जाहीर करता येत नाही. यावर तुमचे प्रश्न असतील, ते आता घेऊ.