सतरा वर्षांचा आइस हॉकी फॉरवर्ड: गोलांपलीकडे काय बघायचं?

नमस्कार मंडळी. देवगडहून बोलतोय, घराच्या पडवीत बसून. मागे आंब्याच्या पेट्या दिसतायत आणि हातात आहे ती आइस हॉकीची स्टिक. माझ्या मावसभावाच्या मुलाची. पोरगा कॅनडात, कॅलगरीत वाढलाय, वय १७, फॉरवर्ड खेळतो, म्हणजे आक्रमणात. मे महिन्यात आंब्यांना आला होता. घरात येणारा प्रत्येकजण एकच विचारायचा, "एनएचएलमध्ये जाईल ना?"

एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची सगळ्यात मोठी लीग. आधी तिचं गणित बघू. संघ ३२. दरवर्षी ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्यात सात फेऱ्या, म्हणजे जगभरातून २२४ पोरं. १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण झालेली हवीत. आमचा नोव्हेंबरचा, त्यामुळे त्याचा नंबर पुढच्या वर्षी. पण नाव पुकारलं म्हणजे नोकरी लागली असं नाही हं! संघाला त्याच्यावर हक्क मिळतो, एवढंच. पुढची काही वर्षं ज्युनिअर लीग, कॉलेज, नाहीतर एएचएल, म्हणजे एनएचएलच्या खालची पायरी.

आता मुद्द्याचं. सगळे गोल मोजतात. मीही मोजायचो. पण फॉरवर्ड एकावेळी बर्फावर असतो जेमतेम ४५ सेकंद, की लगेच बदली. चांगल्यातला चांगला खेळाडू ६० मिनिटांच्या सामन्यात वीसेक मिनिटं खेळतो आणि त्यात पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, त्याच्या स्वतःच्या स्टिकवर असतो फार तर एखाद-दुसरं मिनिट. मग उरलेला वेळ तो काय करतो? पक हातचा गेला की जीव तोडून मागे धावतो का? कोपऱ्यात घुसताना आधी खांद्यावरून मागे बघतो का? आपल्याकडे कबड्डीत सामन्यात चढायांचे दहा गुण आणणारा पोरगा बचावात नुसता उभा राहिला, तर जाणता माणूस लगेच ओळखतो. तिथेही नजर तीच.

त्याचा एक सराव दाखवतो. ह्या दोन खांबांना त्याने सुंभाची दोरी बांधली होती, घोट्याच्या थोडी वर. लादीवरून पक असा उचलायचा की तो गरगरत दोरीवरून जाईल आणि पलीकडे सपाट टेकेल. कडेवर पडला तर पुढच्याला तो धरताच येत नाही. दोरी म्हणजे समोरच्या बचावपटूची स्टिक. पहिल्या दिवशी पक थेट तुळशीपर्यंत गेला! आठवड्याने टेकल्याचा आवाजही बदलला. खडखड जाऊन नुसतं टप्.

पंधराव्या वर्षी ज्युनिअर लीगच्या निवडीत ह्याला कुणी घेतलं नाही. घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नव्हतं. पण वयोगट जन्मसालाने ठरतात. जानेवारीचा मुलगा नोव्हेंबरच्या मुलापेक्षा दहा महिन्यांनी थोराड असतो, आणि त्या वयात दहा महिने म्हणजे खांद्याएवढा फरक.

एनएचएलमधला फॉरवर्ड ब्रेडन पॉइंट कॅलगरीचाच. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ७९ वा. अंगाने लहान, स्केटिंगबद्दल शंका. त्याने स्केटिंगवर मेहनत घेतली, टँपा बे संघाबरोबर २०२० आणि २०२१ चा स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला, २०२२-२३ मध्ये ५१ गोल केले. उलट नेल याकुपोव्ह २०१२ चा पहिला नंबर, आणि २०१८ पर्यंत एनएचएलमधून बाहेर. म्हणून सतराव्या वर्षी कुणी पोराचं भविष्य सांगायला लागला, की मला राग येतो.

एक चांगली गोष्ट म्हणजे, ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या मोठ्या ज्युनिअर लीगमधली मुलंही अमेरिकन कॉलेजकडून खेळू शकतात. आधी त्या लीगची वाट धरली की कॉलेजची बंद व्हायची. आमच्याने कॉलेजच धरावं असं माझं स्पष्ट मत आहे. अंग भरायला चार वर्षं मिळतील, हातात पदवी येईल. पुढे स्वीडन, फिनलंड, जर्मनीतही पगारी लीग आहेत. तिथे खेळणाराही व्यावसायिक खेळाडूच, हे आमच्या आत्याबाईंना अजून पटवतोय.

परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला होता. जाताना स्टिक इथे ठेवली आणि दोरी घेऊन गेलाय. तिकडे तळघरात बांधलीय.

"काका, आता गुडघ्यापर्यंत आली बघा."