आधी माळ, मग लोकर

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'चराई आणि लोकर', वेळ दिलीय पंचवीस मिनिटं आणि त्यातली निम्मी सत्कारात गेली, तेव्हा पुढं घाई झाली तर नारळाला दोष द्या. शाल मी हात लावून बघितली, अ‍ॅक्रेलिकची आहे. लोकरीवरच्या भाषणाला. असो.

तर आपली दख्खनी मेंढी. जो तो म्हणतो जातच वाईट, वर्षाला अर्धा किलोच्या आसपास लोकर, तीही काळी, टोचणारी, मधेच तुटणारी. जाड आहे हे कबूल, तलम लोकरीच्या मेरिनो मेंढीचा धागा वीसेक मायक्रॉनचा, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि हिचा त्याहून कितीतरी जास्त, ते रक्तातलंच आहे. पण ती का तुटते, हे कोणी विचारत नाही, थेट जातीवर येतात. आपल्याकडं जातीवर यायला वेळ लागत नाही म्हणा.

मागं एका घोंगडीवाल्यांकडं बसलो होतो, त्यांच्या आजी सूत कातत होत्या. मी दोन कळपांची लोकर नेलेली, शहाणपणा दाखवायला. आजींनी एका ढिगातली बट दोन टोकांना धरली, झटका दिला, कट्! बरोबर मधोमध तुटली. दुसरी घेतली, तीही तिथंच. दुसऱ्या ढिगातली तुटेचना. मग पहिल्या ढिगाकडं बोट करून म्हणाल्या, ही मेंढरं औंदा कोकणात उतरली नाहीत व्हय? मी फोन लावला तर खरंच, मालकाचा पाय मोडलेला म्हणून तो कळप चाऱ्यासाठी कोकणात न जाता उन्हाळाभर घाटावरच होता. फाल्गुनात कातरलेली मेंढरं, चैत्र-वैशाख उपाशी, मग पावसात पोटभर, दिवाळीला परत कातर. म्हणजे भुकेचा बारीक भाग बरोबर मधे. पोट रिकामं असलं की केस हळू तर वाढतोच, शिवाय बारीकही होतो आणि ओढला की तिथंच तुटतो. ऑस्ट्रेलियात याच्यासाठी मशीन आहे. आजींकडं बोटं.

आता माझं जुनं दुखणं, आमच्या घरी हे कोणी ऐकत नाही. माळरान कागदावर 'पडीक' असतं. पडीक म्हटलं की कोणीतरी जुलैत येतो, खड्डे खणतो, रोपं लावतो, फोटो काढतो, तारेचं कुंपण घालतो आणि जातो. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवीन रोप, खड्डा तेवढा अनुभवी होत जातो. इकडं कळप उरलेल्या तुकड्यात कोंबला जातो, मेंढ्या मारवेल, पवन्या ही चांगली गवतं मुळापर्यंत ओरबाडतात, आणि त्याच्या जागी काय वाढतं? कुसळी गवत. दिवाळीच्या सुमारास त्याची कुसळं लोकरीत अशी घुसतात की पिंजणाऱ्याची बोटं रक्ताळतात, व्यापारी म्हणतो कचरा आहे, भाव पाडतो, आणि शिव्या पुन्हा मेंढीला!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं.

लोकर म्हणजे केराटिन, प्रथिन, आणि त्याला गंधक असलेली अमिनो आम्लं लागतात. वाळलेल्या काडीत प्रथिन नसतंच फारसं, आणि मेंढीच्या पोटाचे चार कप्पे, त्यात हिरव्यातलं बरंचसं पहिल्या पोटातले जंतू मोडून टाकतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1963 साली छापलंय, गंधकवाली अमिनो आम्लं थेट चौथ्या पोटात सोडली तर लोकर झपाट्यानं वाढते. सरकी पेंड, बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात थोड्या-थोड्या द्या म्हणतो ते म्हणूनच, त्यांतलं काही प्रथिन त्या जंतूंपासून वाचून पुढं जातं, शेंगा मात्र बेतानं.

तांबं कमी पडलं तर काळी लोकर करडी पडते, कुरळेपणाही जातो. पण घरच्या घरी तांबं पाजू नका, जास्त झालं तर मेंढी मरते, डॉक्टरांना विचारा.

गाभण मेंढीचे शेवटचे दीड-दोन महिने उपाशी गेले तर कोकराच्या कातडीत लोकरीची मुळंच कमी तयार होतात, मग ते पुढं कितीही चरलं तरी ती कसर पूर्ण भरून निघत नाही. खरं तर यावरच बोलायचं होतं आज.

आणि कातरणीची तारीख. चारा सुधारला तरी लोकर काही आठवडे मागनं चालते, म्हणून फाल्गुनात कातरू नका, वळवानंतर हिरवं उगवून थोडे दिवस जाऊ द्या आणि पाऊस धरायच्या आत कातर लावा. बारीक भाग टोकाला जातो, मधे राहत नाही. ओल्या अंगावर कातरलं तर न्यूमोनिया, हे तुम्हाला मी सांगायला नको. यावर भांडायचं असेल त्यांनी चहाला भेटा, अध्यक्ष उभेच राहिलेत.